मीटरमागचे दिवे : एलईडी बसवण्याआधी

बारा व्होल्ट, २.२ वॅट. करंगळीच्या नखाएवढी काच, आत केसाहून बारीक तार, खाली पितळी टोपी. जुन्या गाडीच्या डॅशबोर्डामागे असे पाच-सहा बल्ब बसलेले असतात आणि ते मालकाच्या नजरेला क्वचितच पडतात. दिसतो तो त्यांचा उजेड, तोही रंगीत भिंगातून गाळून आलेला : तांबडा, हिरवा, निळा, नारिंगी. हेडलाइट बदलायचा म्हटलं की सल्ला द्यायला चार जण जमतात. या बल्बांबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. स्पेअर पार्टच्या दुकानात ‘मीटर बल्ब द्या’ म्हणावं, की काउंटरवरचा माणूस मूठभर बल्ब पुढ्यात टाकतो. हल्ली तो एक प्रश्नही विचारतो : “साधा देऊ की एलईडी?”

या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता आलं असतं तर ही पुस्तिका लिहायची वेळच आली नसती. गाडी स्वतः खोलणाऱ्या, किंवा निदान वायरमनच्या शेजारी उभं राहून तो काय करतोय हे समजून घेणाऱ्या माणसासाठी ती आहे. पुढच्या पानांत दिव्यागणिक कृती दिली आहे. त्याआधी मला एवढंच सांगायचं आहे की डॅशबोर्डावरचा बल्ब हा आधी सर्किटचा एक भाग असतो, आणि मग दिवा. काही बल्ब फक्त दाखवतात. काही मात्र दाखवता दाखवता काम करतात. त्यांच्या तारेतून जाणारा करंट पुढे कुणाला तरी हवा असतो. अशा जागी एलईडी लावला की दिवा झकास दिसतो आणि काम बंद पडतं.

जुनी गाडी म्हणजे कोणती, हेही ठरवून घेऊ. कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी, उत्तरपाड्याची ॲम्बॅसिडर, १९८३च्या डिसेंबरात आलेली आणि २०१४च्या जानेवारीत थांबलेली मारुती ८००, महिंद्राच्या जीप, तिरुवोत्तियुरची बुलेट. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. वीस वर्षांची मर्यादा संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३पासून शहरातली पद्मिनी टॅक्सी संपली. खासगी पद्मिनी मात्र अजून आहेत, आणि त्यांचे बल्ब अजून जातात. या सगळ्या गाड्यांत विजेच्या बाजूने एक साम्य आहे. दिवा कधी लावायचा आणि कधी विझवायचा हे कोणताही संगणक ठरवत नाही. एक स्विच, एक वायर, एक बल्ब आणि बॉडीची अर्थ, एवढ्यावर कारभार चालतो. उशिराच्या इंजेक्शनवाल्या मारुतीतला इंजिनाचा दिवा तेवढा अपवाद.

इशारादिवा मोटारीइतका जुना नाही. सुरुवातीच्या गाड्यांत काटे होते : ऑइल प्रेशरचा, पाण्याच्या तापमानाचा, चार्जिंगसाठी अँमीटर. काट्याच्या जागी दिवा लावायची चाल अमेरिकेत १९३०च्या दशकात हडसन कंपनीच्या गाड्यांनी रूढ केली. काटा वाचता न येणाऱ्या मठ्ठ चालकासाठी केलेली ही सोय आहे, अशी तिकडच्या मेकॅनिकांनी तिची टवाळीही केली. टवाळीत तथ्य होतं. काटा हळूहळू खाली येतो, म्हणजे बिघाड व्हायच्या आधीच बोलायला लागतो. दिवा लागतो तेव्हा बहुतेक वेळा नुकसानीला सुरुवात झालेली असते. आपल्याकडच्या जुन्या बुलेटच्या डोक्यावर अँमीटर असायचा. हेडलाइट लावला की काटा किती डावीकडे जातो आणि रेस दिल्यावर किती उजवीकडे येतो, एवढ्यावरून बॅटरीची तब्येत सांगणारे लोक मी पाहिले आहेत. दिव्याकडून ते कळत नाही. त्याला दोनच शब्द येतात. म्हणून ते दोन शब्द तरी त्याने खरे बोलले पाहिजेत, आणि एलईडीच्या निमित्ताने सगळी काळजी घ्यायची ती त्यासाठीच.

लोक एलईडीकडे वळतात कारण दिवे मंद दिसतात. भर दुपारी घाटातून गाडी चढते आहे, समोरून ऊन थेट मीटरवर पडलं आहे आणि ऑइलचा दिवा लागला आहे की नाही हे हाताचा आडोसा केल्याशिवाय कळत नाही. तक्रार रास्त आहे. मात्र मंद दिव्याचा दोष बहुतेक वेळा बल्बाचा नसतोच. तारेच्या बल्बाचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात घटत नाही, त्याहून फार झपाट्याने घटतो : साधारण साडेतीनाव्या घाताने. बारा व्होल्टच्या बल्बाला अकराच व्होल्ट मिळाले तर उजेड जवळजवळ पावपट कमी होतो, आणि जो उरतो तो पिवळा पडतो. तीस-चाळीस वर्षांच्या गाडीत एक व्होल्ट हरवायला फार काही लागत नाही. होल्डरमध्ये हिरवट थर चढलेला असतो, मीटरच्या मागची अर्थची वायर गंजलेल्या स्क्रूखाली दबलेली असते, आणि लवचिक प्लॅस्टिकच्या छापील सर्किटवरचं तांबं जिथे होल्डर टेकतो नेमकं तिथेच काळं पडलेलं असतं. त्यात भिंगाच्या आतल्या बाजूला बल्बाच्या उष्णतेने तपकिरी झालेला थर. बारीक पॉलिश पेपर, कॉन्टॅक्ट क्लीनर, भिंगासाठी साबणाचं पाणी आणि नवा साधा बल्ब एवढ्याने निम्मे लोक समाधानी होऊन घरी जातील असं मला वाटतं. त्यांनी जावं. पुस्तिका वाया गेली असं मी मानणार नाही.

होल्डर घासायचं आणखी एक कारण आहे. साधा २.२ वॅटचा बल्ब सुमारे ०.१८ अँपिअर घेतो. कॉन्टॅक्ट खराब असेल तर तो मंद होतो आणि त्यामुळे खराबी कळते. एलईडीला दहा-वीस मिलिअँपिअर पुरतात. गंजलेल्या अर्थवरही तो दिमाखात लागतो आणि बिघाड झाकून टाकतो. तीच अर्थ मीटरमधल्या पेट्रोलच्या आणि तापमानाच्या काट्यांनाही असेल, तर काटे खोटं दाखवत राहतात आणि आपण सेंडरला दोष देत बसतो. एलईडीचा हा काटकसरी स्वभाव बिलावर छान दिसतो; जुन्या वायरिंगमध्ये त्याच्यावर नजर ठेवावी लागते. ओल धरलेल्या कपलरमधून किंवा अर्धवट अर्थमधून झिरपणारा करंटही त्याला पुरतो. मग चावी काढल्यावर, अंधारात, डॅशबोर्डावर एखादा दिवा मिणमिणत राहतो. बल्बाने ज्याची दखलही घेतली नसती असा करंट एलईडी दाखवून देतो. काहींना ते भुताटकीसारखं वाटतं. मी त्याला फुकटची तपासणी म्हणेन.

आता रंग. या विषयात सर्वांत जास्त पैसे इथेच वाया जातात. तारेच्या बल्बाचा उजेड तांबड्या-पिवळ्या भागात भरभरून असतो आणि निळ्या भागात कंजूष. गाडी बनवणाऱ्यांनी भिंगांचे रंग त्या उजेडाला धरून निवडले. एलईडीचं तसं नाही. डोळ्यांना दिसणारा पहिला उपयोगी तांबडा एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२मध्ये जनरल इलेक्ट्रिकमध्ये केला. निळा, आणि तोही चांगला उजळ, यायला १९९०चं दशक उजाडावं लागलं. त्या कामासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४चं पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं. आज पांढरा म्हणून विकला जातो तो एलईडी बहुधा निळाच असतो, वर पिवळ्या फॉस्फरचा लेप दिलेला. म्हणजे त्याच्या उजेडात निळ्याचा उंच सुळका आणि तांबड्याचा तुटवडा. असा पांढरा एलईडी तांबड्या भिंगामागे लावला की इशारा लालबुंद व्हायच्या ऐवजी फिकट, गुलाबीकडे झुकणारा होतो. नारिंगी भिंगामागे तो पिवळट दिसतो. उपाय सोपा आहे आणि तरी दहातले आठ दुकानदार सांगत नाहीत : भिंगाचा रंग तोच एलईडीचा रंग. तांबड्यामागे तांबडा, हिरव्यामागे हिरवा, नारिंगीमागे नारिंगी.

निळ्याबद्दल वेगळं सांगायला हवं. अप्परचा निळा दिवा जुन्या गाडीत सर्वांत मंद असतो, कारण साध्या बल्बात निळं फारसं नसतंच. तो मंद असलेलाच बरा. अप्पर रात्री लावतात. रात्री अंधाराला सरावलेला डोळा निळ्या-हिरव्या भागाला जास्त जागा असतो आणि तांबड्याला जवळजवळ आंधळा. त्या डोळ्यांसमोर पांढरा किंवा निळा एलईडी निळ्या भिंगातून सोडला की मीटरमध्ये वेल्डिंग चालल्यासारखं वाटतं. निळ्या दिव्याला मी हात लावत नाही. लावायचाच असेल तर एलईडीसोबत मोठा रेझिस्टर टाकून तो मुद्दाम मंद करावा. पद्धत पुढे दिली आहे. मीटरच्या पार्श्वउजेडाला, म्हणजे रात्री आकडे दाखवणाऱ्या बल्बांनाही हेच लागू. तिथे दुसरी कटकट अशी की बल्ब चहूबाजूंनी उजेड फेकतो आणि साधा एलईडी समोरच. मग स्पीडोमीटरचा चाळीसचा आकडा झगमगतो आणि शंभरचा अंधारात राहतो. (पद्मिनीत शंभरचा आकडा अंधारात राहिला तर फारसं बिघडत नाही, हे खरं.) उजेड कमी-जास्त करायचं जुनं गोल बटणही बहुधा निकामी होतं, कारण ते बल्बांच्या करंटच्या हिशोबाने केलेलं असतं.

आता काम करणाऱ्या बल्बांकडे येऊ. त्यात पहिला मान चार्जिंगच्या दिव्याचा. एलईडी लावल्यावर ‘बॅटरी उतरते’, ‘सकाळी रेस दिल्याशिवाय दिवा जात नाही’, ‘डायनामो गेला बहुतेक’ अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या गाडीत आधी हाच दिवा बघावा. अल्टरनेटर स्वतःच्या चुंबकावर वीज तयार करतो, पण ते चुंबक कायमचं नसतं. फिरणाऱ्या रोटरच्या गुंडाळीत करंट गेला तरच ते जागं होतं. विहिरीवरच्या पंपाला सुरुवातीला वरून पाणी ओतून भरावं लागतं, तसा अल्टरनेटरला बॅटरीकडून थोडा करंट आधी द्यावा लागतो. जुन्या अल्टरनेटरमध्ये तो करंट चार्जिंगच्या बल्बातूनच येतो. चावी फिरवली की बॅटरीचा प्लस इग्निशन स्विचमधून बल्बाच्या एका टोकाला येतो. दुसऱ्या टोकातून करंट रोटरकडे, तिथून रेग्युलेटरमधून अर्थला. या वाटेत बल्ब पेटतो, म्हणून दिवा दिसतो. इंजिन सुरू झालं, अल्टरनेटर जागा झाला, की त्याच्या आतले छोटे डायोड बल्बाच्या त्याच दुसऱ्या टोकावर बॅटरीइतकंच व्होल्टेज आणून ठेवतात. दोन्ही टोकांना सारखंच व्होल्टेज, मध्ये फरक नाही, म्हणून दिवा विझतो. दिवा कुठल्या स्विचने विझत नाही. दोन बाजू समसमान झाल्या म्हणून तो विझतो. मोटारीच्या वायरिंगमधली इतकी सुरेख युक्ती मला दुसरी माहीत नाही.

एका २.२ वॅटच्या बल्बावर हा सगळा खेळ बेतलेला आहे. त्याच्या जागी वीस मिलिअँपिअरचा एलईडी आला की रोटरला लागणाऱ्या करंटचा नववा हिस्साच पोहोचतो. लोखंडात उरलेलं थोडं चुंबकत्व मदतीला असेल तर जास्त रेसवर अल्टरनेटर जागा होतो. नसेल तर होतही नाही. सकाळी गाडी सुरू करून आयडलिंगवरच सिग्नल-सिग्नल करत कामावर जाणाऱ्या माणसाची बॅटरी महिन्याभरात बसते आणि दोष बॅटरीवाल्यावर येतो. इलाज म्हणजे एलईडीच्या समांतर एक रेझिस्टर. बाराचा वर्ग भागिले २.२, म्हणजे सुमारे ६५ ओहम. बाजारात ६८ ओहमचा मिळतो. चावी चालू आणि इंजिन बंद असताना त्यात दोन वॅटहून जास्त उष्णता तयार होते, म्हणून पाच वॅटचा घ्यावा आणि प्लॅस्टिकपासून लांब बसवावा. इथे शहाण्या माणसाच्या मनात यायला हवं की करंटही तेवढाच, उष्णताही तेवढीच, मग साध्या बल्बाने काय घोडं मारलं होतं? बरोबर आहे. माझ्या मते चार्जिंगच्या दिव्याला साधाच बल्ब ठेवावा. तरी रेझिस्टरच्या बाजूने एक मुद्दा आहे आणि तो मान्य करायला हवा. साधा बल्ब जळाला की त्याच्यासोबत चार्जिंगही जातं, आणि दिवा लागत नसल्यामुळे ते कळतही नाही. समांतर रेझिस्टर असला तर बल्ब गेला तरी अल्टरनेटर जागा होतो. काही कंपन्यांनी म्हणूनच मीटरच्या सर्किटवर असा रेझिस्टर आधीपासून दिलेला असतो. मागची बाजू नीट पाहिली तर तो सापडतो, आणि सापडला तर एलईडी निर्धास्त लावा.

त्याहून जुन्या गाड्यांत अल्टरनेटर नसतो, खरा डायनामो असतो. गॅरेजमध्ये दोघांनाही डायनामोच म्हणतात, म्हणून डोळ्यांनी पाहून खात्री करावी : लांबट नळकांडं, बाहेर वेगळा कटआऊटचा डबा, असं असेल तर तो डायनामो. त्याच्या लोखंडात उरलेलं चुंबकत्वच त्याला जागं करायला पुरतं, दिव्याची गरज लागत नाही. तिथे एलईडी चालतो. पण साधा बल्ब दोन्ही दिशांनी लागतो आणि एलईडी एकाच. कटआऊट चिकटून उघडाच राहिला आणि डायनामोचं व्होल्टेज बॅटरीच्या वर चढलं, तर साधा बल्ब उलट्या दिशेच्या करंटवर पुन्हा लागून बिघाड सांगतो; एलईडी त्या वेळी गप्प बसतो. शिवाय जुन्या विलायती घडणीच्या काही गाड्यांत प्लस बॉडीला असतो. तिथे पॅकेटातला एलईडी सरळ लावून लागला नाही तर तो खराब आहे असं समजून फेकून देऊ नका.

दुसरा कामकरी म्हणजे साइड इंडिकेटरचा दिवा. डॅशबोर्डावर डावा आणि उजवा असे दोन वेगळे बाण असतील तर काही प्रश्न नाही. जुन्या कित्येक दुचाक्यांत आणि काही गाड्यांत मात्र दोन्हीसाठी एकच दिवा असतो, आणि त्याला स्वतःची अर्थच नसते. त्याचं एक टोक डाव्या वायरला, दुसरं उजव्या. डावा इंडिकेटर लागला की करंट दिव्यातून जाऊन उजव्या बाजूच्या थंड बल्बांमधून अर्थ गाठतो. उजवा लागला की उलटा. थंड बल्बांचा विरोध इतका कमी की ते पेटत नाहीत, नुसती वाट देतात. या जागी एलईडी लावला तर तो एकाच बाजूला लागतो. आणि बाहेरचेही चारही बल्ब एलईडी केले असतील तर गंमतच : बटण डावीकडे, आणि चारही दिवे मिणमिणतात. मागचा रिक्षावाला काय समजायचं ते समजतो. यावर दोन साधे डायोड पुरतात. डावी आणि उजवी वायर प्रत्येकी एका डायोडमधून एलईडीच्या प्लसला, आणि एलईडीचा मायनस सरळ अर्थला. वन-एन-४००७ नावाचा डायोड कुठेही मिळतो आणि त्याची किंमत सांगण्यासारखी नाही.

आतला एकटा दिवा बदलल्याने फ्लॅशरचं सहसा काही बिघडत नाही. बिघडतं ते बाहेरचे बदलल्यावर, कारण जुना फ्लॅशर बल्बांच्या करंटने तापून उघडमीट करतो. करंट नाही तर ताप नाही, आणि ताप नाही तर लुकलुकणंही नाही. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर लावला की ते सुटतं. जातं ते असं : बाहेरचा एखादा बल्ब गेला की जुन्या फ्लॅशरची चाल बदलायची आणि चालकाला आत बसून कळायचं. कुठल्याही करंटवर एकाच चालीने चालणारा नवा फ्लॅशर ती खबर देत नाही. ही देवाणघेवाण करायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. दुकानदार त्याबद्दल बोलणार नाही एवढं नक्की.

तिसरा फार थोड्यांना ठाऊक असतो : पेट्रोल रिझर्व्हचा दिवा. पुष्कळ जपानी घडणीच्या गाड्यांत आणि दुचाक्यांत टाकीत एक थर्मिस्टर असतो, बल्बाला जोडून. पेट्रोलमध्ये बुडालेला असताना तो थंड राहतो, त्याचा विरोध जास्त असतो आणि बल्बापर्यंत पुरेसा करंट पोहोचत नाही. पेट्रोल खाली गेलं, तो उघडा पडला, की बल्बातून येणाऱ्या करंटनेच तो तापतो, विरोध घसरतो आणि दिवा लागतो. म्हणजे बल्ब इथे थर्मिस्टरला तापवायचं काम करतो. एलईडीच्या चिमूटभर करंटने तो तापतच नाही. परिणाम दोन प्रकारचे : एक तर दिवा टाकी भरलेली असतानाही मिणमिणतो, किंवा टाकी रिकामी झाली तरी नीट लागत नाही. दुसरा प्रकार कळतो तेव्हा जवळ पेट्रोल पंप नसतो. इथेही साधा बल्ब.

मग एलईडीला जागा कुठे? ऑइलचा दिवा, हँडब्रेकचा दिवा, ब्रेक ऑइलचा दिवा. हे नुसते दाखवणारे. यांना एका बाजूने इग्निशनचा प्लस आणि दुसऱ्या बाजूला अर्थ देणारा स्विच, बस्स. उन्हात स्पष्ट दिसण्याची खरी गरज याच तांबड्या दिव्यांना असते. ऑइलच्या दिव्यात एलईडीचा एक जास्तीचा फायदा आहे, किंवा डोकेदुखी. बल्बाची तार तापायला सेकंदाचा काही भाग जातो. एलईडी तत्काळ लागतो. ऑइल प्रेशरचा स्विच साधारण ०.३ ते ०.५ बारच्या खाली जोडला जातो. झिजलेलं इंजिन, उन्हाळा, सिग्नलला आयडलिंग, अशा वेळी प्रेशर त्या सीमेवर हेलकावे खातं. बल्बाने गिळून टाकलेली प्रत्येक लुकलुक एलईडी दाखवतो. मालक घाबरून येतात आणि म्हणतात की एलईडी लावल्यापासून ऑइलचं काहीतरी बिघडलं. बिघडलेलं आधीपासून असतं. अशा वेळी बल्ब परत लावू नये. मेकॅनिकल गेज जोडून प्रेशर मोजावं.

एअरबॅग आणि एबीएस असलेल्या, म्हणजे आपल्या अर्थाने फार जुन्या नसलेल्या गाड्यांत ते दिवे सोडून द्या. त्यांचा कंट्रोल युनिट बल्बावरही नजर ठेवून असू शकतो, आणि तिथे प्रयोग करून मिळण्यासारखं काही नाही.

खरेदीविषयी थोडं. होल्डरचा आकार आधी नक्की करा : स्क्रूचा, बायोनेटचा, की कॅपलेस, ज्याला दुकानात टी-टेन आणि टी-फाइव्ह म्हणतात. ‘कॅनबस’ लिहिलेला महागडा एलईडी जुन्या गाडीला नको. त्याच्यात नव्या गाडीच्या संगणकाला फसवण्यासाठी मुद्दाम करंट खाणारे रेझिस्टर असतात आणि तो तापतो. दहा-दहा चिप असलेलाही नको, इशारा दिसायला एक चिप पुरते. अगदी स्वस्तातला घेतला तर त्याच्या आत व्होल्टेजच्या उसळीपासून बचाव नसतो. चालत्या इंजिनावर बॅटरीचा टर्मिनल सैल होऊन निसटला तर अल्टरनेटर क्षणभर साठ-सत्तर व्होल्टपर्यंतही उसळू शकतो. बल्ब ते बहुधा सोसतो, तो एलईडी सोसत नाही. पुण्यात नाना पेठेत तयार मिळतात. पण तपकीर गल्लीतून, किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून सुटे एलईडी आणि रेझिस्टर आणून जुन्या बल्बाच्या टोपीत स्वतः झाळलेला दिवा मला जास्त भरवशाचा वाटतो. हिशोब सोपा आहे. चालत्या गाडीत १४.२ व्होल्ट धरा, तांबड्या एलईडीचे २ वजा करा, उरलेल्या १२.२ला हव्या त्या करंटने भागा. दहा मिलिअँपिअरला सुमारे १२०० ओहम. जुन्या सहा व्होल्टच्या स्कूटरींना हेच गणित वेगळ्या आकड्यांनी करावं लागतं, त्याचा तक्ता शेवटी आहे.

कायद्याचं विचारणारेही भेटतात. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाने गाडीच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करता येत नाहीत. हेडलाइटमध्ये वाटेल तो एलईडी कोंबणाऱ्यांनी त्याची आठवण जरूर ठेवावी. मीटरमागचा एक बल्ब बदलणं त्या पातळीचं काम नाही, फक्त दिव्याचा रंग बदलू नका. तांबडा म्हणजे थांबा आणि बघा, नारिंगी म्हणजे लक्ष द्या, निळा म्हणजे अप्पर, हे संकेत गाडीगाडीत बदलून चालत नाहीत. आयएसओ २५७५ या मानकात त्यांची चिन्हं आणि रंग ठरलेले आहेत. पन्नास वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करणाऱ्यांना मूळ रूप जपायचं असतं. त्यांनी काढलेले बल्ब डबीत ठेवावेत. परत लावायला पाच मिनिटं पुरतात.

पुढची प्रकरणं दिव्यांच्या क्रमाने आहेत आणि ती सलग वाचायची गरज नाही. आपल्या गाडीची वायरिंग डायग्राम शेजारी असू द्या. मल्टिमीटर हवाच, नुसत्या टेस्ट लॅम्पवर हे काम करू नका, कारण टेस्ट लॅम्प ‘आहे’ एवढंच सांगतो, किती आहे ते नाही. काम झाल्यावर चावी फिरवून सगळे दिवे लागतात का पाहा, इंजिन सुरू करून रेस न देता बॅटरीवरचं व्होल्टेज मोजा : १३.८ ते १४.४च्या दरम्यान यायला हवं, आणि हेडलाइट लावूनही तेराच्या खाली जाऊ नये. मीटर बाहेर ओढण्याआधी बॅटरीची अर्थ सोडा, स्पीडोमीटरची केबल मागून हाताने सैल करून घ्या, तिला हिसका देऊ नका. आणि मागच्या बाजूचा फोटो काढून ठेवा. कोणत्या भोकात कोणता होल्डर होता हे परत बसवताना कोणालाही आठवत नाही, आणि ऑइलच्या जागी हँडब्रेकचा दिवा बसवलेल्या गाड्या रस्त्यावर वाटतात त्याहून जास्त आहेत.